अकरा स्लाइड्स आणि एक हिरवी वडी

सोन्याच्या शोधात माझी एकवीस वर्षं गेली असं सांगितलं की समोरची व्यक्ती आधी माझ्या हातांकडे बघते आणि मग गळ्याकडे. तिथे काळ्या मण्यांची पोत आणि दोन वाट्या एवढाच ऐवज, त्याही वाट्या सासूबाईंनी घातलेल्या. कामावर असताना मी सोनं एकदाही पाहिलेलं नाही. मी पाहत होते तो सोन्याच्या आजूबाजूचा दगड, आणि तोही दगड म्हणून नाहीच. काचेवर चिकटवून केसाच्या निम्म्याहून पातळ केलेला, किंवा नुसत्या आकड्यांच्या तक्त्यात बसवलेला.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या क्षेत्रातल्या गमतीजमती’ लिहायला सांगितल्या. गमती आहेत, पण त्या आठवायला बसलं की दरवेळी एकच प्रकरण पुढे येऊन उभं राहतं आणि बाकीच्यांना दारातूनच परत पाठवतं. त्या प्रकरणातलं बरंचसं मला अजून कळलेलं नाही. तेव्हा शेवटी मी सगळं छान उलगडून दाखवीन अशी आशा वाचकांनी ठेवू नये. जेवढं कळलं तेवढं सांगते, आणि माझं चुकलं तेही सांगते.

आधी काम काय होतं ते. जमिनीच्या खूप खालून कधीकाळी उकळतं पाणी भेगांमधून वर आलं. त्या पाण्यात नाना तऱ्हेची द्रव्यं विरघळलेली होती, कधी कधी चिमूटभर सोनंही. हे पाणी ज्या दगडातून गेलं तो दगड पहिल्यासारखा राहिला नाही. कैरीची फोड लोणच्यात मुरते, तसा तो मुरला. फोड तीच, पण रंग वेगळा, चव वेगळी. त्यातली जुनी खनिजं मोडली आणि त्या जागी नवी तयार झाली, मुख्यतः अभ्रकाच्या जातीची. सोनं इतकं थोडं असतं की ते शोधत बसलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून हा मुरलेला दगड शोधायचा, त्यातल्या अभ्रकात काय काय शिरलंय ते तपासायचं, आणि त्यावरून जमिनीत पुढचं भोक कुठे पाडायचं ते ठरवायचं. त्या ‘काय काय शिरलंय’ची मी जाणकार, निदान माझ्या टेबलावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं.

हे सगळं पुण्यात कशाला, असं कोणीही विचारील. पुण्याच्या दगडात सोनं नाही. पुण्यात सोनं मिळतं ते लक्ष्मी रस्त्यावर, आणि तेही घडणावळ देऊन. पण उदारीकरण आलं, खाणींची दारं बाहेरच्या कंपन्यांना उघडली, आणि पाठोपाठ संगणकवाल्यांनी असा शोध लावला की दगड एका गावी, यंत्र दुसऱ्या गावी आणि डोकं तिसऱ्या गावी असलं तरी चालतं. डोकं खराडीत स्वस्त पडत होतं. कॉलेजातली माझी दर वर्षी नव्याने मिळणारी तात्पुरती मास्तरकी सोडून मी खराडीच्या एका काचेच्या इमारतीत जाऊन बसले. आजूबाजूला अजून ज्वारी उभी होती. आमच्या मजल्यावर सव्वाशे माणसं आणि दगड एकही नाही.

अपवाद एकदाच झाला. लोणी काळभोरचे एक गृहस्थ, पांढरं धोतर, हातात पंच्यात बांधलेलं गाठोडं, थेट आमच्या फाटकाशी आले. इथे सोन्याचं काम चालतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. रखवालदार आत सोडेना, म्हणून मी खाली गेले. त्यांनी गाठोडं सोडलं. आत मधाच्या रंगाच्या स्फटिकांचा एक सुरेख गड्डा होता.

“बाई, हिरीत घावलाय,” ते म्हणाले. “सोनं हाय का न्हाई तेवढं सांगा.”

मी सांगितलं की नाही, हे स्टिलबाइट, आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांमध्ये सापडतं, शोकेसमध्ये छान दिसेल. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी जवळच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि म्हणाले, “पाणी लावून बघा की. वाळल्या धोंड्याचं काय कळतंय?” मी विद्वानासारखी हसले. पाणी लावल्याने दगड बदलत नसतो, असंही ऐकवलं. ते निमूटपणे गाठोडं बांधून गेले, आणि हा किस्सा मी पुढे कितीतरी दिवस कँटीनमध्ये रंगवून सांगत असे. आता सांगत नाही.

ज्यांच्यामुळे हे लिहायला बसले ते एकनाथराव. मी ज्या कॉलेजात शिकले तिथे ते प्रयोगशाळेत होते. दगडाची स्लाइड कशी करायची हे प्राध्यापकांनी फळ्यावर शिकवलं आणि एकनाथरावांनी हाताला धरून. दगडाचा तुकडा करवतीने कापायचा, एक बाजू गुळगुळीत करून काचेवर चिकटवायची, आणि दुसरी बाजू काचेच्या पाटावर कुरुंदाच्या पुडीत गोल गोल घासत राहायची. किती घासायचं याचं माप यंत्रात नाही, डोळ्यात. सूक्ष्मदर्शकाखाली गारगोटीचा कण पिवळा दिसला तर स्लाइड अजून जाड आहे, राखाडी दिसला की थांबायचं. एक मिनिट जास्त घासलं तर दगडच नाहीसा होतो. माझे पहिले सात दगड असेच पाण्याबरोबर मोरीत गेले. एकनाथराव शेजारी उभे राहून एवढंच म्हणाले होते, “आठवा राहील.” आणि आठवा राहिला.

निवृत्तीनंतर त्यांनी कसबा पेठेत, तांबटांच्या ठोक्यांच्या आवाजात, तळमजल्याची एक खोली घेतली. कापायचं यंत्र, काचेचे पाट, भिंतीला एक फिरतं चाक. पुण्यातली दोन-तीन कॉलेजं त्यांच्याकडे दगड पाठवत. उरलेल्या वेळात ते रुखवताच्या स्टीलच्या डब्यांना चकाकी करून देत. त्यांची एक पद्धत होती. कापलेल्या प्रत्येक दगडाचा एक भाग स्लाइडसाठी जाई आणि उरलेला भाग ते नंबर घालून पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवत. टाकून का देत नाही, असं मी एकदा विचारलं. “अर्धा तुमचा, अर्धा माझा,” ते म्हणाले. “उद्या भांडण झालं तर साक्षीला कोण येणार?” मी तेव्हाही हसले होते. हसण्याची मला फार घाई.

कंपनीला स्लाइड्स करून घ्यायला माणूस हवा होता, तेव्हा एकनाथरावांचं नाव मीच सुचवलं. भोकातून निघालेल्या दगडांचे तुकडे दक्षिणेतल्या एका पट्ट्यातून पार्सलने थेट कसब्यात येत. एकनाथराव स्लाइड करत आणि तिला आरशासारखं पॉलिश देत. साधं पॉलिश चालत नसे, कारण पुढे ती ज्या यंत्राखाली जाई ते यंत्र तिच्यावर अतिसूक्ष्म किरण सोडून एकेका कणात कोणतं मूलद्रव्य किती ते मोजी. ते यंत्र दुसऱ्या शहरात. तिथून आकडे माझ्या संगणकावर येत आणि स्लाइड्स मागाहून डब्यातून. पॉलिशसाठी कंपनीने हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट ठरवून दिली होती, इंजेक्शनसारख्या छोट्या नळीतून येणारी. पहिल्याच महिन्यात एकनाथरावांच्या कामाबद्दल माझ्याकडे प्रशस्तीची मेल आली. ती मी छापून नेऊन दिली, आणि त्यांनी ती चाकामागच्या भिंतीवर लावली.

दोन वर्षं ठीक गेली. मग एका हप्त्यात चाळीस स्लाइड्स आल्या. त्यातल्या अकरा स्लाइड्सच्या अभ्रकात क्रोमियम निघालं.

साध्या अभ्रकात क्रोमियम नसतं. क्वचित असतं, आणि सोन्याच्या शेजारी असलं तर ती मोठी बातमी असते. पण हे क्रोमियम विचित्र होतं. एकाच कणावर एका जागी भरपूर आणि केसभर पलीकडे शून्य. पुन्हा थोडं पुढे भरपूर. मी तीन दिवस तो तक्ता वर-खाली करत राहिले. दगडाने असं वागू नये, असं मला वाटत होतं. मग स्लाइड्स आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली अभ्रक काचेसारखं रंगहीन, पण त्याच्या चिरांमध्ये दोन-तीन ठिकाणी हिरवट कण अडकलेले. परदेशातल्या ग्राहकाची, म्हणजे खाण कंपनीची, मेल आली होती की हे क्रोमियम खरं आहे का, शुक्रवारपर्यंत कळवा, पुढच्या भोकाची जागा त्यावर ठरणार आहे.

मी कसब्यात गेले. एकनाथराव एका पिंपाच्या झाकणाला चकाकी करत होते. फिरत्या चाकावर हिरवा थर होता आणि शेजारी स्टीलला लावतात ती हिरवी वडी. त्या वडीत क्रोमियमचीच भुकटी असते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. खरं सांगायचं तर, जरा हायसंच वाटलं, की चला, कारण सापडलं. मी अकरा नंबरांची यादी त्यांच्या हातात दिली आणि विचारलं की यांना हिरवी वडी लावली होती का.

त्यांनी चष्मा पुसला, यादी सावकाश वाचली, पुन्हा एकदा वाचली. “या अकरांना नाही,” ते म्हणाले.

“नक्की?”

“बाई, स्लाइड करायला तुम्हाला मी शिकवलं. अजून काही विचारायचंय?”

मी नाही म्हणाले. त्यांनी चहा विचारला, मी घाई आहे म्हणून सांगितलं. बाहेर पडले तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास होता की नव्हता, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही. रिक्षात बसेपर्यंत होता. खराडी येईपर्यंत उरला नव्हता.

आमचा टीम लीडर निखिल, मूळचा अमरावतीचा, वयाने माझ्या मुलाएवढा, सॉफ्टवेअर शिकलेला. दगडातलं त्याला काही कळत नसे आणि तसं तो मोकळेपणाने कबूल करी, म्हणून मला तो आवडायचा. ग्राहकाची शंका आली की आम्हाला संगणकावर एक फॉर्म भरावा लागे. त्यात ‘दोषाचं कारण’ असा एक रकाना होता आणि त्याला टिचकी मारली की चार पर्याय खाली उघडत. यंत्राचा दोष, नमुना तयार करतानाचा दोष, आकडे भरतानाचा दोष, ग्राहकाकडूनच आलेला दोष. मी पाचवा शोधत होते. कॉलेजात असताना आमचे सर अहवालाच्या शेवटी ठणठणीत अक्षरात लिहायचे, ‘या निरीक्षणाचा अर्थ लागला नाही.’ त्याबद्दल त्यांना कोणी नोटीस दिल्याचं ऐकिवात नाही.

“यात ‘कळलं नाही’ असं घालता येईल का?” मी निखिलला विचारलं.

“मॅम, ती लिस्ट हेड ऑफिसची आहे, आपण एडिट नाही करू शकत,” तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून खुर्ची ओढून बसला. “आणि ब्लँक सोडलं तर फॉर्म सबमिटच होत नाही ना. तुम्हाला काय वाटतं ते टाका. तुम्ही एक्स्पर्ट आहात.”

मी एक्स्पर्ट होते, म्हणून दुसऱ्या पर्यायावर टिचकी मारली. नमुना तयार करतानाचा दोष. खाली चार ओळींचं स्पष्टीकरण लिहायचं होतं, तेही लिहिलं. क्रोमियम बाहेरून, पॉलिशच्या भुकटीतून आलेलं आहे, ते पुढच्या भोकांच्या नकाशात धरू नये. आणि माझं म्हणणं भक्कम करायला एक दाखला दिला. याच हप्त्यातली सतरा नंबरची स्लाइड पाहावी. चाळिसांत तिचं पॉलिश सर्वांत उत्तम असून तिच्यात क्रोमियमचा मागमूस नाही, म्हणजेच काळजीपूर्वक काम केलं की हा दोष येत नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर मला ते फार आवडलं होतं.

फॉर्म गेला आणि पुढचं सगळं आपोआप झालं. पुरवठादारांच्या यादीतून एकनाथरावांचं नाव गळलं. त्याचं पत्र माझ्या स्पष्टीकरणाच्या प्रतीसकट निघालं. एकनाथरावांना मेल नव्हती, म्हणून ते छापून मला देण्यात आलं की तुम्ही त्या बाजूला जाताच, द्याल का. मी कुरियरने पाठवलं. माझ्या घरून, सदाशिव पेठेतून, कसब्यात कुरियर. चालत गेले असते तर वीस मिनिटं लागली असती.

पुण्यात दगडवाले मूठभर. महिन्याभरात सगळ्यांना कळलं की एकनाथरावांच्या स्लाइड्समध्ये भेसळ निघाली. कॉलेजांचे दगड दुसरीकडे जायला लागले. कोणी त्यांना काही बोललं नाही. पुण्यात अशा वेळी बोलत नाहीत, फक्त जाणं थांबवतात. एकनाथरावांकडे स्टीलचे डबे तेवढे उरले.

दोनेक वर्षांनी नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना मी शिकवत होते. गरम पाणी दगडातून काय नेतं आणि काय आणून ठेवतं, असा विषय. मी फळ्यावर लिहिलं की सोडियम जातं, पोटॅशियम येतं, पण क्रोमियम सहसा हलत नाही. ते जिथल्या तिथे बसून राहतं. ज्या जुन्या कणात ते होतं तो कण मोडला, की अगदी त्याला चिकटून जे अभ्रक तयार होतं तेवढ्यात ते शिरतं, आणि केसभर पलीकडच्या अभ्रकाला त्यातलं काही मिळत नाही.

केसभर पलीकडे. हातात पेन तसंच राहिलं. मुलं वाट बघत होती. ज्या ठिपक्याठिपक्यांना मी बाहेरची घाण म्हणाले होते, तशीच तर अस्सल दगडाची खूण असते. एम.एस्सी.ला हे मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि तो तक्ता समोर असताना मला ते आठवलं नव्हतं. कारण मला चाकावरचा हिरवा थर दिसला होता.

पण मग त्या चिरांमधले हिरवट कण कसले? ते तर मी डोळ्यांनी पाहिले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील का? काही क्रोमियम दगडाचं आणि काही वडीचं? स्लाइड्स तोवर ग्राहकाकडे परत गेल्या होत्या. मी जितका विचार करी तितका गुंता वाढे.

त्याच संध्याकाळी कसब्यात जाता आलं असतं. मी गेले नाही. प्रकल्प बंद झालाय, निखिल दुसऱ्या देशात गेलाय, आता काय उपयोग, अशी कारणं मी स्वतःला देत असे. खरं कारण एवढंच, की जायला तोंड नव्हतं. ज्यांनी मला आठवा दगड टिकवायला शिकवलं त्यांना मी एका टिचकीत खोटं ठरवलं होतं, आणि तेही खात्री नसताना. याची मला लाज वाटत होती आणि अजून वाटते. पाच वर्षं मी भाजीलासुद्धा त्या बाजूला गेले नाही.

मी निवृत्त झाले त्या वर्षी एकनाथरावांच्या मुलीचा फोन आला. बाबांच्या हाताला कंप आहे, खोली सोडतोय, तुमच्या कंपनीचे दगड पडलेत ते घेऊन जा, नाहीतर राडारोड्यात जातील. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं.

खोली अर्धी रिकामी झालेली. एकनाथराव खुर्चीत बसलेले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. प्रशस्तीची मेल भिंतीवर तशीच, पिवळी पडलेली. “या बाई,” ते म्हणाले, “घाई असेल तर चहा ठेवत नाही.” मी म्हटलं घाई नाही. मग त्यांनी मुलीला आत चहाला पाठवलं आणि पायाने एक डबा माझ्याकडे सरकवला. बाकीचे डबे एकावर एक रचलेले होते. हा एकटा वेगळा, सुतळीने बांधलेला.

“तुमचे अकरा,” ते म्हणाले.

मी सुतळी सोडली. आत अकरा तुकडे, प्रत्येकावर त्यांच्या हातचा नंबर. करवतीच्या धुळीने सगळे एकसारखे राखाडी. मी एक उचलून खिडकीशी नेला, काहीच दिसेना.

“पाणी लावा,” एकनाथराव म्हणाले.

तांब्यातलं पाणी बोटांनी त्यावर शिंपडलं. धूळ उतरली आणि दगड हिरवा झाला. कच्च्या कैरीच्या सालीसारखा हिरवा, त्यात अभ्रकाचे बारीक चकाकते पापुद्रे. दुसरा भिजवला, तोही हिरवा. तिसराही. लोणीच्या त्या धोतरवाल्या गृहस्थांची मला आठवण झाली आणि मान वर करवेना.

हिरवं अभ्रक म्हणजे क्रोमियम दगडातलंच. मग ते माझ्या सूक्ष्मदर्शकाला रंगहीन का दिसलं? कपभर चहा तांबडा दिसतो, पण बशीच्या तळाला उरलेला त्याचा पातळ थर जवळजवळ पाण्यासारखा दिसतो, तसं. आम्हीच दगड इतका पातळ करत होतो की त्याचा रंग निघून जाई. आणि एक अख्खा तुकडा आणून दाखवा, एवढं साधं वाक्य त्या सव्वाशे माणसांच्या मजल्यावर मला सुचलं नव्हतं.

“तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?” मी विचारलं.

“कापणाऱ्याला दगडाचा रंग माहीत नसेल?”

“मग सांगितलं का नाहीत?”

“मी काय लावलं, ते तुम्ही विचारलंत. दगड कसा होता, ते विचारलं नाहीत. अजून काही विचारायचंय का, असं मी म्हटलं. तुम्ही नाही म्हणालात.”

चाकाच्या जागी भिंतीवर एक गोल डाग उरला होता, तिकडे बघत बसले. मग त्यांनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली केला.

“एक सांगतो, ते कुठे बोलू नका. त्या चाळिसांत एकाला हिरवी वडी लावली होती. पेस्टची नळी संपली, नवी येईना, पार्सल जायचं होतं. शेवटची एकच राहिली होती. तिला लावली आणि रिठ्याच्या पाण्याने तीनदा धुतली.”

“कितवी?” मी विचारलं, पण विचारायच्या आधीच मला कळलं होतं.

“सतरा.”

हसावं की रडावं कळेना म्हणतात, ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष अनुभवलं. जिला मी निर्मळपणाचा नमुना म्हणून साक्षीला उभं केलं तीच एक वडीवाली, आणि तिच्यात क्रोमियमचा कणसुद्धा नाही. म्हणजे वडी लावूनही धुणाऱ्याने धुतली की मागे काही राहत नव्हतं. एकनाथरावांच्या बाजूचा याहून मोठा पुरावा नव्हता, आणि तो मी त्यांच्याच विरुद्ध वापरला होता. पत्रासोबतची ती प्रत मुलीने त्यांना वाचून दाखवली, तेव्हाच त्यांच्या हे ध्यानात आलं होतं. पण बोलायचं तर सतराचं कबूल करावं लागलं असतं. ठरवून दिलेली पेस्ट सोडून वडी वापरली, हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. म्हणून ते अकरा गुन्हे गप्प बसून सोसत राहिले.

मी त्यांची माफी मागितली. नीट, शब्दांत मागितली. ते ‘असू दे’ म्हणाले नाहीत. पुण्यात राहून मला त्याची अपेक्षाही नव्हती. मी म्हटलं, मी लिहून देते की दोष तुमचा नव्हता.

“कोणाला देणार?” ते म्हणाले. “कंपनी आहे का?”

कंपनी नाही. त्या इमारतीवर आता वेगळ्याच नावाची पाटी आहे. जुन्या पत्त्यावर मी नंतर मेल पाठवून पाहिली, ती परत आली. त्या पट्ट्यात पुढचं भोक माझ्या फॉर्मप्रमाणे दुसरीकडेच पाडलं गेलं, आणि मग सगळ्यांनीच गाशा गुंडाळला. जिथे हिरवा दगड होता तिथे सोनं होतं की नव्हतं, हे आता कोणालाच माहीत नाही. चिरांमधले ते हिरवट कण काय होते, तेही मला माहीत नाही. या दोन प्रश्नांपुढे मी सरांसारखंच लिहिते, अर्थ लागला नाही.

निघताना एकनाथराव म्हणाले, “मुलगी वाचनालयातून दिवाळी अंक आणते. त्यात छापून आलं तर वाचीन.” मग मागून हाक मारून म्हणाले, “सतराचं तेवढं नको.”

तर छापून देते. त्या अकरा स्लाइड्समधलं क्रोमियम दगडाचं होतं, आणि त्यांना हिरवी वडी लागलेली नव्हती. नमुना तयार करताना कोणताही दोष झाला नव्हता. दोष आकडे वाचणाऱ्या बाईचा होता, आणि तो पर्याय त्या यादीत नव्हता. एकनाथराव, सतराचंही लिहिलं आहे. ते सोडलं असतं तर लोकांना पुन्हा अर्धाच दगड दाखवल्यासारखं झालं असतं, आणि उरलेला अर्धा जपून ठेवायचा हे मी तुमच्याकडूनच शिकले, फक्त उशिरा.